एक्स्टर्नल बीम रेडिएशनचं कोडिंग: आधी हे पाहा की कोड मोजतो काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. सर्जरीचं कोडिंग (बिलासाठी प्रत्येक वैद्यकीय कामाला ठराविक कोड लावणं) करून नुकत्याच रेडिएशन ऑन्कॉलॉजीकडे वळलेल्या एका कोडरने अमेरिकेतल्या एका केसचा क्लेम, म्हणजे विम्याकडे जाणारं बिल, पाठवला. डाव्या स्तनाच्या वरच्या बाहेरच्या भागातला कॅन्सर, लम्पेक्टमी (फक्त गाठ काढण्याची शस्त्रक्रिया) झालेली. त्यानंतर संपूर्ण स्तनाला १६ फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे रेडिएशनच्या सत्रांमध्ये, ४२.५६ ग्रे (डोसचं एकक) आणि गाठीच्या जागेला इलेक्ट्रॉनचा बूस्ट, म्हणजे वाढीव डोस, ४ फ्रॅक्शनमध्ये १० ग्रे. मध्ये सुट्ट्या आल्या, त्यामुळे उपचार पाच आठवडे चालले. क्लेमवर ७७४२७ (डॉक्टरांचं उपचार-व्यवस्थापन) चे पाच युनिट, निदानाला झेड८५.३ (कॅन्सरचा पूर्वेतिहास) आणि बूस्टच्या प्लॅनसोबत ७७३०० (डोसचं गणित) लावलेला. तिन्ही ओळी अडकल्या. काय चुकलं आणि पुढचा चार्ट उघडल्यावर सुरुवात कुठून करायची, हे विचारलं आहे.

सर्जरीच्या कोडिंगमध्ये एक तारीख असते, एक ऑपरेटिव्ह नोट असते आणि बहुतेक सगळं त्या नोटमध्ये सापडतं. रेडिएशनमध्ये तसं नाही. इथे आठवडेच्या आठवडे चालणारा एक कोर्स असतो आणि त्यात डॉक्टर, फिजिसिस्ट, डोसिमेट्रिस्ट (डोसचं गणित करणारे) आणि थेरपिस्ट (मशीन चालवणारे) अशा चौघांचं काम वेगवेगळ्या तारखांना होतं. प्रत्येक कामाचा कोड वेगळा, आणि प्रत्येक कोडची मोजायची पद्धतही वेगळी. काही कोड कोर्सला एकदा लागतात, काही प्लॅनला एकदा, काही फील्डमागे (बीमच्या एका दिशेमागे), काही उपकरणामागे, काही फ्रॅक्शनमागे आणि काही पाच फ्रॅक्शनमागे. या क्षेत्रातल्या चुका बघत गेलात तर कोड निवडण्यातल्या चुका कमी आणि मोजण्यातल्या जास्त दिसतील. म्हणून कोड लावण्याआधी एकच विचारा: हा कोड मोजतो काय?

चार्ट वाचायचा क्रमही त्यावरूनच ठरतो. आधी डॉक्टरांनी सही केलेलं प्रिस्क्रिप्शन वाचा: जागा, डावी की उजवी बाजू, तंत्र, ऊर्जा, दर फ्रॅक्शनचा डोस, फ्रॅक्शनची संख्या. त्यानंतर लगेच रोजचं ट्रीटमेंट रेकॉर्ड उघडा. आरिया किंवा मोझेक यांसारख्या रेकॉर्ड-अँड-व्हेरिफाय प्रणालीत मशीनने प्रत्यक्ष काय दिलं ते फ्रॅक्शननिशी नोंदलेलं असतं. प्रिस्क्रिप्शन म्हणजे जे ठरलं ते आणि ट्रीटमेंट रेकॉर्ड म्हणजे जे घडलं ते. विभागाकडून आलेली चार्ज शीट सगळ्यात शेवटी बघा. ती आधी बघितली की डोळे तिलाच दुजोरा शोधत बसतात, आणि हे अनुभवी कोडरच्या बाबतीतही होतं.

आता तुमचा क्लेम घेऊ. ७७४२७ हा उपचारांच्या व्यवस्थापनाचा, म्हणजे डॉक्टरांच्या कामाचा कोड. त्याचं एक युनिट म्हणजे पाच फ्रॅक्शन. लोक त्याला ‘वीकली मॅनेजमेंट’ म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण आठवड्याशी त्याचा काही संबंध नाही. पाच फ्रॅक्शन पाच दिवसांत झाली काय किंवा नऊ दिवसांत, युनिट एकच. तुमच्या रुग्णाची एकूण फ्रॅक्शन २०, म्हणजे युनिट चार. उपचार पाचव्या आठवड्यात गेले म्हणून पाचवं युनिट होत नाही.

उलट दिशेचं उदाहरण बघितलं की हे पक्कं बसतं. फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये दिवसातून दोनदा रेडिएशन देण्याची पद्धत आहे: ३० फ्रॅक्शनमध्ये ४५ ग्रे, तीन आठवड्यांत. एकाच दिवशीच्या दोन सत्रांमध्ये स्पष्ट खंड असेल तर ती दोन फ्रॅक्शन धरली जातात. म्हणजे कॅलेंडरवर तीन आठवडे, पण ७७४२७ चे युनिट सहा. कॅलेंडर धरून मोजणारा कोडर इथे डॉक्टरांचे तीन युनिट सोडून देतो.

शेवटी उरणाऱ्या फ्रॅक्शनचा नियम तोंडपाठ असला पाहिजे. पाचाच्या पटीनंतर तीन किंवा चार उरली तर आणखी एक युनिट लागतं. एक किंवा दोन उरली तर लागत नाही. तुमच्या रुग्णाला बूस्ट नसता तर १६ फ्रॅक्शनचे तीन युनिट झाले असते आणि सोळावं त्यातच गेलं असतं. ३३ फ्रॅक्शनच्या कोर्सला सात युनिट, ३२ च्या कोर्सला सहा. बूस्ट आला म्हणून मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची नाही. सोळावं फ्रॅक्शन आणि बूस्टची चार मिळून पाच होतात, आणि तेच तुमचं चौथं युनिट. ७७४३१ हा कोड वेगळा आहे. संपूर्ण कोर्सच एक किंवा दोन फ्रॅक्शनचा असेल, उदाहरणार्थ हाडातल्या मेटास्टॅसिसला (तिथे पसरलेल्या कॅन्सरला) एकाच वेळी ८ ग्रे, तेव्हाच तो लागतो. मोठ्या कोर्सच्या शेवटी उरलेल्या दोन फ्रॅक्शनसाठी तो वापरायचा नाही.

युनिट मोजून झाले की प्रत्येक युनिटमागे डॉक्टरांची नोट आहे का ते बघा. दर पाच फ्रॅक्शनमागे किमान एकदा डॉक्टरांनी रुग्णाला प्रत्यक्ष तपासलेलं हवं. सेटअप, पोर्ट इमेजेस, दिलेला डोस आणि डोसिमेट्री यांचा आढावाही याच कोडमध्ये येतो. नोटमध्ये त्या दिवसापर्यंत किती ग्रे दिले, त्वचा कशी आहे, दुखतंय का, काय औषध दिलं, हे असायला हवं. चारही नोट्स शब्दशः सारख्या असतील आणि फक्त तारीख बदललेली असेल, तर ऑडिटरला चार भेटी दिसत नाहीत, एकच भेट चारदा चिकटवलेली दिसते. याच तपासणीसाठी वेगळा ई अँड एम, म्हणजे तपासणी-सल्ल्याच्या भेटीचा, कोड लावायचा नाही, हेही त्यातच आलं.

दुसरी अडकलेली ओळ निदानाची. गाठ काढून टाकली, म्हणून झेड८५.३, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचा पूर्वेतिहास, असा तर्क तुम्ही केला. सर्जरीकडून आलेल्या जवळपास प्रत्येकाचा हाच तर्क असतो. पण आयसीडी-१० सीएमच्या (निदानाच्या कोडसंचाच्या) मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. प्राथमिक गाठ काढली असली तरी त्या जागेवर पुढचे उपचार चालू असतील तर कॅन्सर सक्रियच धरायचा. पूर्वेतिहासाचा कोड तेव्हा, जेव्हा त्या जागेवरचे उपचार संपलेले आहेत आणि रोगाचा पुरावा उरलेला नाही. तुमच्या रुग्णाचं रेडिएशन हाच त्या जागेवरचा चालू उपचार, म्हणून कोड सी५०.४१२: स्त्री रुग्ण, डावा स्तन, वरचा बाहेरचा चतुर्थांश. भेट केवळ रेडिएशन घेण्यासाठी असेल तेव्हा झेड५१.० पहिला आणि त्यामागे कॅन्सरचा कोड, असा क्रम आहे. सी५०.९१२, म्हणजे जागा न सांगितलेला डावा स्तन, लावून मोकळं होऊ नका. पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये किंवा सल्ल्याच्या नोटमध्ये चतुर्थांश बहुतेक वेळा लिहिलेला असतोच, थोडं मागे जाऊन शोधावा लागतो.

मेटास्टॅसिसच्या केसमध्ये अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. रेडिएशन ज्या जागेला चाललंय, ती जागा आधी. मणक्यातल्या मेटास्टॅसिसला बीम जात असेल तर झेड५१.० नंतर सी७९.५१ आणि मग प्राथमिक कॅन्सर. प्राथमिक फुफ्फुसात आहे म्हणून सी३४ पुढे घातला तर पेअरला, म्हणजे पैसे देणाऱ्या विमा कंपनीला, असं दिसतं की निदान छातीचं आणि फील्ड कमरेवर.

तिसरी ओळ ७७३०० ची. हा बेसिक डोसिमेट्री कॅल्क्युलेशनचा कोड आणि तो गणितामागे मोजला जातो. संपूर्ण स्तनाचा ३डी प्लॅन, ७७२९५, याच्यासोबत तो चालतो. दोन टँजेंट (छातीला तिरकी स्पर्शून जाणारी) फील्ड आणि दोन्हींचं स्वतंत्र गणित चार्टमध्ये असेल तर दोन युनिट. पण आयसोडोस (समान डोसच्या रेषा दाखवणाऱ्या) प्लॅनच्या कोडमध्ये, म्हणजे ७७३०६, ७७३०७ आणि इलेक्ट्रॉनसाठी वापरला जाणारा ७७३२१ यांच्यात, हे गणित आधीच धरलेलं आहे. तुमचा बूस्ट ७७३२१ खाली गेला होता, त्यामुळे त्याच्याबरोबरचा ७७३०० सीओ-९७ (दुसऱ्या सेवेच्या पैशातच धरलेलं) होऊन परत येणारच होता. मॉडिफायर ५९ (कोडला जोडायचा दोन अंकी जादा कोड) लावून तो सोडवता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. ५९ म्हणजे ही सेवा खरोखरच वेगळी होती असं लेखी सांगणं, आणि इथे ती वेगळी नव्हती.

याच केसचा उरलेला भाग पटकन बघू, म्हणजे पूर्ण क्लेम कसा दिसतो ते कळेल. ७७२६३, म्हणजे कॉम्प्लेक्स क्लिनिकल ट्रीटमेंट प्लॅनिंग, कोर्सला एकदा. टँजेंट फील्ड आहेत म्हणून तो कॉम्प्लेक्स ठरतो. ७७२९० हे कॉम्प्लेक्स सिम्युलेशन (उपचाराआधी रुग्णाची स्थिती आणि फील्ड ठरवणं), कस्टम ब्लॉकिंगमुळे, म्हणजे बीमला रुग्णाप्रमाणे आकार दिल्यामुळे. त्याच्या नोटमध्ये रुग्णाची स्थिती, वापरलेलं इमोबिलायझेशन (रुग्णाला स्थिर ठेवण्याचं साधन), स्कॅन कुठून कुठपर्यंत घेतला, आयसोसेंटर (सगळे बीम जिथे मिळतात तो बिंदू) कुठे ठेवलं, हे लिहिलेलं असावं. ‘सीटी सिम डन’ एवढ्यावर कॉम्प्लेक्स टिकत नाही. ७७२९५ टिकायचा तर चार्टमध्ये गाठीच्या जागेचं आणि आसपासच्या अवयवांचं त्रिमितीय कंटूरिंग (सीमा आखणं) आणि डोस-व्हॉल्यूम हिस्टोग्राम (अवयवाच्या किती भागाला किती डोस याचा आलेख) दोन्ही हवेत, प्लॅनवर डॉक्टरांची सही हवी, आणि ती पहिल्या उपचाराच्या आधीची हवी. ७७३३४ उपकरणांसाठी: रुग्णाच्या अंगाप्रमाणे बनवलेली व्हॅक्यूमची गादी एक, टँजेंटचे मल्टीलीफ कोलिमेटरचे (बीमला आकार देणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे) आकार, आणि इलेक्ट्रॉनचा कस्टम कटआउट. समोरासमोरच्या फील्डचा आकार आरशातल्यासारखा असेल तर दोन्ही मिळून एकच उपकरण. आकार खरोखर वेगळे असतील तरच दोन. विभागात सगळ्यांसाठी वापरला जाणारा ब्रेस्ट बोर्ड कस्टम नाही, त्याला ७७३३४ लावू नका. ७७३३६ हे फिजिसिस्टचं सततचं काम, तेही पाच फ्रॅक्शनमागे, इथे चार युनिट. फिजिसिस्टच्या चार्ट तपासणीची तारीख आणि सही असल्याशिवाय ते लावायचं नाही.

हॉस्पिटलच्या विभागात उपचार झाले असतील तर डॉक्टरांच्या क्लेमवर ७७२९०, ७७२९५, ७७३००, ७७३२१ आणि ७७३३४ यांना मॉडिफायर २६ (फक्त डॉक्टरांच्या कामाचा भाग) लागतो. ७७२६३ आणि ७७४२७ हे मुळातच फक्त डॉक्टरांचे कोड आहेत, त्यांना २६ लावायचा नाही. डिलिव्हरीचे कोड आणि ७७३३६ उलट फक्त तांत्रिक आहेत. ते हॉस्पिटलच्या बिलावर जातात, डॉक्टरांच्या क्लेमवर दिसताच कामा नयेत. स्वतंत्र सेंटर असेल आणि मशीन आणि डॉक्टर एकाच बिलाखाली असतील तर मॉडिफायरशिवाय ग्लोबल, म्हणजे दोन्ही भाग एकत्र.

डिलिव्हरीच्या कोडबाबत जुनी पुस्तकं आणि जुन्या चिटशीट बाजूला ठेवा. कित्येक वर्षं आयएमआरटीसाठी (बीमची तीव्रता बदलत देण्याच्या तंत्रासाठी) ७७३८५ आणि ७७३८६ होते, मेडिकेअरला (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याला) स्वतंत्र सेंटरसाठी जी६००० च्या मालिकेतले कोड लागत, आणि कोणत्या पेअरला कोणता संच पाठवायचा यात बिलिंगवाल्यांचा निम्मा वेळ जायचा. २०२५ मध्ये ७७०१४ (सीटीने उपचाराची जागा जुळवण्याचा कोड) गेला. २०२६ पासून ७७३८५ आणि ७७३८६ ही गेले, मेडिकेअरच्या डिलिव्हरीच्या जी कोडची गरज संपली, आणि ७७४०२, ७७४०७, ७७४१२ या तीन पातळ्या उरल्या. पहिली पातळी इलेक्ट्रॉन फील्ड किंवा द्विमितीय फोटॉनची. दुसरी एका आयसोसेंटरच्या फोटॉन उपचारांची, मग तंत्र ३डी असो वा आयएमआरटी. तिसरी एकापेक्षा जास्त आयसोसेंटर, एका आयसोसेंटरसोबत सक्रिय मोशन मॅनेजमेंट (श्वासासारख्या हालचालींवर नियंत्रण), संपूर्ण त्वचेचं इलेक्ट्रॉन रेडिएशन, किंवा फोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकत्र, यांची. इमेज गायडन्सचा (इमेज घेऊन उपचाराची जागा जुळवण्याचा) तांत्रिक भाग या तिन्हींत धरलेला आहे. डॉक्टरांनी इमेजेस बघून सही केल्याचा भाग ७७३८७ खाली जातो, आणि त्या सहीची तारीख त्या फ्रॅक्शनशी जुळली पाहिजे.

या बदलाप्रमाणे तुमच्या रुग्णाची पहिली १६ फ्रॅक्शन ७७४०७ आणि बूस्टची चार ७७४०२. पण थांबा: डाव्या स्तनाला हृदय वाचवण्यासाठी श्वास रोखून उपचार देण्याची पद्धत आहे. तसं दिलं असेल आणि त्या दिवसाच्या रेकॉर्डमध्ये श्वासावर नजर ठेवून बीम चालू-बंद केल्याची नोंद असेल, तर ती फ्रॅक्शन तिसऱ्या पातळीत जातात. म्हणजे पातळी ठरवणारी माहिती आता प्लॅनच्या नावात नाही, रोजच्या रेकॉर्डमध्ये आहे. प्लॅनवर आयएमआरटी लिहिलंय म्हणून वरची पातळी लावण्याची सवय मोडावी लागेल.

आयएमआरटीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा चार्ट त्याचाच असण्याची शक्यता जास्त आहे, आणि सगळ्यात महाग चुका तिथेच होतात. ७७३०१ हा प्लॅनचा कोड. तो लावायचा तर इन्व्हर्स प्लॅनिंग झालेलं हवं: गाठीला किती डोस हवा आणि कोणत्या अवयवाला किती चालेल, हे आधी सांगून संगणकाकडून बीमची तीव्रता काढून घेतलेली हवी. व्हीमॅट (मशीन फिरत असताना बीम देणं) हे आयएमआरटीच. पण स्तनाच्या टँजेंटमध्ये हाताने छोटी फील्ड जोडून डोस सारखा करणं, ज्याला फील्ड-इन-फील्ड म्हणतात, ते फॉरवर्ड प्लॅनिंग आहे आणि ते ७७२९५ खालीच जातं.

मेडिकेअरच्या नियमाप्रमाणे आयएमआरटीचा प्लॅन तयार करण्यासाठी केलेलं सिम्युलेशन, ३डी प्लॅन, आयसोडोस प्लॅन हे सगळं ७७३०१ च्या पैशातच आलं. सिम्युलेशन प्लॅनच्या दहा दिवस आधी झालं तरी ते वेगळं लावता येत नाही. इथे फसगत होते, कारण एनसीसीआयचे (मेडिकेअरच्या कोड-जोड्यांच्या नियमांचे) एडिट, म्हणजे आपोआप होणाऱ्या तपासण्या, एकाच तारखेच्या ओळी पकडतात. तारीख वेगळी असली की क्लेम सरळ पास होतो, पैसे येतात आणि सगळ्यांना वाटतं बरोबर होतं. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या ओआयजीने (महानिरीक्षक कार्यालयाने) २०१८ मध्ये हॉस्पिटलांच्या आयएमआरटी प्लॅनिंगच्या बिलांवर अहवाल काढला, त्यात नेमका हाच प्रकार होता. क्लेम पास झाला म्हणजे कोडिंग बरोबर, असं रेडिएशनमध्ये अजिबात धरू नका. कोलिमेटरसाठी इथे ७७३३४ नाही, ७७३३८ लागतो, आणि तो प्लॅनला एकदाच, बीम कितीही असोत. ७७३०० मात्र ७७३०१ बरोबर चालतो.

आयएमआरटीला सीओ-५० चं डिनायल (नकार), म्हणजे वैद्यकीय गरज सिद्ध नाही, हे बऱ्याचदा येतं. त्यावर कोडरच्या हातात फार थोडं असतं. डॉक्टरांनी आयएमआरटी का निवडलं, ३डीमध्ये कोणत्या अवयवाला किती डोस जात होता आणि आयएमआरटीमध्ये किती, हे या रुग्णाच्या आकड्यांसकट लिहिलेलं असेल तर अपील उभं राहतं. ‘आसपासचे अवयव वाचवण्यासाठी’ हे वाक्य प्रत्येक चार्टमध्ये सारखंच असेल तर ते रिव्ह्यूअरसाठी नसल्यासारखंच.

एसबीआरटी, म्हणजे थोड्या सत्रांत नेमक्या जागी मोठा डोस, आला तर मोजणी पूर्ण बदलते. ७७३७३ फ्रॅक्शनमागे, कोर्स जास्तीत जास्त पाच फ्रॅक्शनचा, आणि व्यवस्थापनासाठी ७७४३५ संपूर्ण कोर्सला एकदाच. त्याच कोर्सवर ७७४२७ लावायचा नाही. ७७४७०, म्हणजे विशेष उपचार प्रक्रियेच्या कोडबद्दलही एक सूचना: केमोथेरपी सोबत चालू आहे किंवा त्याच जागेला पूर्वी रेडिएशन झालंय, म्हणून डॉक्टरांना जास्तीचं काम करावं लागलं आणि ते काम नोटमध्ये लिहिलेलं आहे, तरच तो. विभागाच्या टेम्प्लेटमध्ये प्रत्येक रुग्णाला तो आपोआप पडत असेल तर मॅनेजरला आजच लेखी कळवा.

आता तुमचा अडकलेला क्लेम. त्यावर अपील करू नका. अपील तिथे करायचं जिथे चार्ट आपल्या बाजूने आहे. ७७४२७ चे युनिट पाचाचे चार करा, झेड८५.३ काढून झेड५१.० आणि सी५०.४१२ घाला, बूस्टजवळचा ७७३०० काढा. खासगी पेअर असेल तर दुरुस्त क्लेम सीएमएस-१५०० (क्लेमचा फॉर्म) च्या २२ व्या चौकटीत ७ आणि मूळ क्लेमचा नंबर घालून पाठवा, नाहीतर तो डुप्लिकेट म्हणून सीओ-१८ घेऊन येईल. मेडिकेअर पार्ट बी असेल तर ७ चालत नाही, तिथे कारकुनी दुरुस्तीसाठी रीओपनिंग (क्लेम पुन्हा उघडणं) मागावं लागतं. आणि दुरुस्त क्लेम जाण्याआधी याच डॉक्टरांचे मागच्या काही महिन्यांतले सुट्टी पडलेले कोर्स काढून बघा. आठवडे मोजून लावलेलं एखादं जास्तीचं युनिट तिथे पास झालेलं असेल, तर ते पैसे परत करावे लागतात, आणि मेडिकेअरच्या बाबतीत जास्तीची रक्कम लक्षात आल्यानंतर त्यासाठी ६० दिवसांची मुदत आहे.